माहीमचा बुधवारचा नोव्हेना : वसईकडून जाणाऱ्यांसाठी सविस्तर रिव्ह्यू

आमच्या लघु ख्रिस्ती समूहाच्या, म्हणजे चर्चमधल्या शेजारपाजारच्या घरांच्या छोट्या गटाच्या, ग्रुपवर दर थोड्या दिवसांनी कोणीतरी विचारतंच की माहीमचा नोव्हेना, म्हणजे नऊ बुधवार तिथे जाऊन करायची प्रार्थना, धरायचाय, कसं जायचं, मराठीत असतो का, लहान मुलं घेऊन जमेल का आणि खरंच गुण येतो का. प्रत्येकीला वेगळं टाइप करण्यापेक्षा एकदाच सगळं लिहिते. मी वसईची, नोकरी अंधेरीला, त्यामुळे बुधवारी ऑफिस सुटलं की घरची गाडी सोडून उलट्या दिशेची चर्चगेट स्लो पकडायची आणि माहीमला उतरायचं हे आता अंगवळणी पडलंय. काही बुधवार चुकतात, पावसाळ्यात तर जास्तच, पण सोडलेलं नाही.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. माहीमचं सेंट मायकल चर्च पोर्तुगीज काळापासूनचं, मुंबईतल्या सगळ्यात जुन्या चर्चपैकी एक, आत्ताची इमारत मात्र अलीकडची. लेडी जमशेटजी रोड जिथे खाडीकडे निघतो तिथेच आहे, चुकायचा प्रश्नच नाही, बुधवारी तर गर्दीच्या मागे चालत राहिलात तरी पोचाल. इथे 1948 पासून दर बुधवारी अवर लेडी ऑफ परपेच्युअल सक्करचा, म्हणजे सदा मदतीला धावणाऱ्या मरियामातेचा, आपण सगळे जिला नुसतं माहीमची माता म्हणतो तिचा नोव्हेना चालतो, सकाळपासून रात्रीपर्यंत एकामागून एक, इंग्लिश, कोकणी, मराठी, हिंदी, तमिळ अशा भाषांत. एक संपून लोक बाहेर पडतायत तोवर पुढचे आत शिरतायत. आणि हे सगळे कॅथलिक नसतात बरं का, हिंदू, मुसलमान, पारशी, सगळे असतात, कित्येक जण पिढ्यान्‌पिढ्या येतात, मेणबत्ती आणि फुलं घेऊन शांतपणे रांगेत उभे राहतात.

नऊ हा आकडा कुठून आला तर बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये वाचा, प्रभूच्या स्वर्गारोहणानंतर पवित्र आत्मा उतरेपर्यंतचे जे दिवस होते त्यात शिष्य आणि मरियामाता माडीवरच्या खोलीत एकचित्ताने प्रार्थना करत राहिले, ते नऊ दिवस. आपल्याकडे ते नऊ बुधवार झाले. पण माहीमचा नोव्हेना स्वतः कधी संपत नाही, तो वर्षभर चालूच असतो, तुमचे नऊ तुम्ही कधीही सुरू करा. त्याच 1948 साली फिलिपिन्समध्ये मनिलाजवळच्या बाक्लारानलाही बुधवारचाच नोव्हेना सुरू झाला आणि तिथेही बुधवारी रस्ते तुंबतात. सिंगापूरला तर या नोव्हेनाच्या चर्चवरून अख्ख्या भागाला आणि मेट्रो स्टेशनला नोव्हेना हेच नाव पडलंय. मला हे वाचून इतकं बरं वाटलं होतं, की आपण इथे घामाघूम होऊन उभ्या आहोत तशाच तिकडेही बायका ऑफिसमधून धावत येऊन उभ्या असतील.

आता मला सगळ्यात जास्त काय आवडतं ते सांगते, कारण यासाठीच मी हे लिहितेय. पत्रं. लोक आपली मागणी किंवा उपकारस्तुती, म्हणजे आभार, कागदावर लिहून देतात आणि नोव्हेनात त्यातली काही मोठ्याने वाचली जातात, नाव नसतं. कोणाच्या वडिलांचं डायलिसिस चाललंय, कोणाचं लग्न होऊन बरीच वर्षं झाली पण मूल नाही, कोणाचा रीडेव्हलपमेंटमधला फ्लॅट अडकलाय आणि भाड्याच्या घरात म्हातारी आई, कोणाला गल्फमधून परत पाठवलंय, कोणाचा मुलगा बारावीला बसलाय आणि कोणी फक्त एवढंच लिहिलेलं असतं की मला झोप लागू दे. तुम्ही गेलेले असता तुमचं एक गाठोडं घेऊन, डोक्यात तेच फिरत असतं, आणि मग अशी पत्रं कानावर पडायला लागली की नकळत तुम्ही त्या झोप न येणाऱ्या माणसासाठी नमो मरिया ही मातेची प्रार्थना म्हणायला लागता. तो कोण, कुठल्या धर्माचा, काही माहीत नाही. कदाचित शेजारच्या बाकावरच बसलेला असेल. काही बुधवार गेले की आपली मागणी तशीच असते पण ती एकटी राहत नाही, चारचौघांच्या मागण्यांमध्ये जाऊन बसते. घरी एकटीने प्रार्थना करताना मला हे कधी मिळालं नव्हतं. नोव्हेनात मातेच्या प्रार्थना, गाणी, छोटं प्रवचन, आजाऱ्यांसाठी आशीर्वाद असं बरंच असतं आणि सगळं चांगलंच आहे, पण मला विचाराल तर या सेवेचा जीव त्या पत्रांत आहे.

उपकारस्तुतीची पत्रंही नीट ऐका. त्यात नुसतं 'मागितलं आणि मिळालं' असं नसतं. ऑपरेशनच्या आधी भीती गेली म्हणून आभार, भावाभावांचं बोलणं सुरू झालं म्हणून आभार, आणि कधीकधी ज्याच्यासाठी मागितलं तो माणूस गेला तरी शेवटचे दिवस शांत गेले म्हणून आभार. असं पत्र वाचलं गेलं की चर्चमध्ये जी शांतता होते ती मी दुसरीकडे कुठे अनुभवली नाही.

मातेच्या चित्राबद्दलही दोन शब्द, कारण बरेच जण घाईघाईत हात लावून पुढे जातात. मूळ चित्र रोमला आहे, संत आल्फोन्सच्या चर्चमध्ये, 1866 साली पोप नववे पायस यांनी ते रिडेम्प्टरिस्ट नावाच्या संघाच्या फादरांकडे सोपवलं आणि त्यांनीच ही भक्ती जगभर नेली. जुन्या पूर्वेकडच्या पद्धतीचं, सोनेरी पार्श्वभूमीचं चित्र आहे. बाळ येशूकडे बघा, तो आईकडे बघत नाहीये, मान वळवून देवदूताच्या हातातल्या क्रूसाकडे बघतोय, घाबरून आईचा हात दोन्ही हातांनी धरलाय आणि धावत आल्यामुळे एका पायातली चप्पल सुटून लोंबकळतेय. आई मात्र आपल्याकडे बघते. दोन देवदूत आहेत, मिखाएल आणि गाब्रिएल, दोघांच्या हातात दुःखसहनाची साधनं. म्हणजे क्रूस काही टळलेला नाही त्या चित्रात, फक्त हात धरलेला आहे. पुढच्या वेळी जाल तेव्हा निदान मिनिटभर ती चप्पल बघत थांबा.

आता जे खटकतं ते. चर्चबद्दल नाही, आपल्या लोकांबद्दल. व्हॉट्सअ‍ॅपवर ते फॉरवर्ड फिरतात ना, नऊ बुधवार करा, नवव्याला काम झालंच समजा, हा मेसेज इतक्या जणांना पाठवा, ते कृपा करून बंद करा. अशाने माणूस दहाव्या बुधवारी रिकाम्या हाताने घरी जातो आणि मग चर्चच सोडतो, मी अशी माणसं बघितलीत. चर्चमधल्या बायबल वाचनांच्या तीन वर्षांच्या चक्रात क वर्षाच्या 29व्या रविवारी जे शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या चरित्रातला उतारा, असतं ते आठवा, लूक अध्याय 18, ती विधवा आणि तो न्यायाधीश जो देवाला भीत नाही आणि माणसांची पर्वा करत नाही. ती नऊदा गेली असं कुठे लिहिलंय? ती जात राहिली एवढंच आहे. आणि येशूने दाखला दिला तोच मुळी सर्वदा प्रार्थना करावी आणि खचून जाऊ नये यासाठी. त्याच रविवारी पहिलं वाचन मोशेचं असतं, लढाई चालू असताना त्याचे हात वर आहेत तोवर इस्राएलची सरशी, हात खाली आले की शत्रू अमालेक वरचढ, आणि हात दमले तेव्हा अहरोन आणि हूर यांनी दोन्ही बाजूंनी धरून ठेवले. मोशेचेही हात दमतात, मग आपले दमले तर काय नवल. म्हणून तर धरणारी माणसं लागतात आणि ती माणसं माहीमला नाही, आपल्या गावात असतात.

यावर मी जरा जास्त लिहिणार आहे. माझं स्पष्ट मत आहे की नुसतं माहीम करून भागत नाही. माहीम म्हणजे पाऊस, पण पाणी वर्षभर टिकतं ते आपल्या बावखलात, म्हणजे वाडीतल्या तळ्यात, आणि ते बावखल म्हणजे आपलं धर्मग्राम, आपल्या गावचं चर्च आणि त्याची माणसं. सकाळच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, त्याच पुढच्या बाकांवर बसणाऱ्या त्याच आज्या, त्यातल्या निम्म्या पहाटे उठून मोगरा खुडून, टोपल्या दादरच्या गाडीला लावून मग देवळात, म्हणजे चर्चमध्ये, आलेल्या. संध्याकाळी घरची रोजरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, त्यात एक मूल पेंगतंय, एक मोबाईलकडे बघतंय, कुकरची शिट्टी होतेय आणि सासूबाई मात्र एकही नमो मरिया न गाळता पुढे जातायत. ऑक्टोबरात वाडीतल्या घराघरांत फिरणारी रोजरी, मे महिन्यात क्रूसाजवळची प्रार्थना. समूहाच्या मीटिंगला पाच बायका आणि एक पुरुष, तरी मीटिंग होतेच. गरिबांना मदत करणाऱ्या व्हिन्सेंट डी पॉल संस्थेची माणसं गुपचूप कोणाच्या तरी घरी तांदूळ पोचवून येतात. फादरांचं प्रवचन कधी छान असतं, कधी लांबतं, कधी माईक धड नसतो, लोक तरी येतात. यात कसलाही चमत्कार दिसत नाही आणि ऐकणाऱ्याला कंटाळवाणं वाटेल, पण मी मोठी झाले ते हे रोजचं बघत आणि माझ्या मते सातत्य शिकायचं ते इथेच.

माझी स्वतःची मागणी भावासाठी आहे, दारूसाठी. वसईत हे कोणाला नवीन नाही, आपल्या किती घरांत आहे ते आपण बोलत नाही एवढंच. माझ्या आईने त्याच्यासाठी रोजरी म्हणत म्हणत डोळे मिटले. तिला कोणीतरी संत मोनिकाचं सांगितलं होतं, जिने आपल्या मुलासाठी, आगुस्तीनसाठी, वर्षानुवर्षं रडत प्रार्थना केली आणि 387 साली मिलानला त्याचा बाप्तिस्मा झाला तेव्हा कुठे तिला विसावा मिळाला, त्याच वर्षी ती गेलीही. माझ्या आईला ते बघायला मिळालं नाही. ती गेल्यावर मी माहीम धरलं. भाऊ आता एए, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या गटाच्या, मीटिंगला जातो, मध्ये एकदा घसरला, पुन्हा जायला लागलाय. सुटली का, तर असं ठामपणे मी सांगणार नाही, एए वाले स्वतःच सांगतात की आजचा दिवस बघा. पण मागे मी त्याच्याशी बोलायची ते फक्त भांडायला, आता बुधवारी परतताना त्याला फोन करते, जेवलास का विचारते, तोही विचारतो की आज गर्दी होती का गं, माझं नाव घेतलंस का. आमच्यात इतकं बोलणं कित्येक वर्षांत नव्हतं. गुण येतो का असं जे विचारतात त्यांना माझ्याकडून एवढंच खरं उत्तर आहे.

आता कामाच्या गोष्टी. वसई, नालासोपाऱ्याहून येणाऱ्यांनी फास्टने अंधेरी किंवा वांद्र्याला उतरून स्लो धरावी, माहीमला फास्ट थांबत नाही. स्टेशनपासून चालत जाता येतं, म्हातारी माणसं बरोबर असतील तर टॅक्सी करा. परतीला विरार गाडी संध्याकाळी काय असते ते आपल्या बायकांना सांगायला नको, त्यामुळे शक्य असेल तर दुपारचा नोव्हेना करा, किंवा सरळ उशिराचा. मराठीच्या वेळा निघण्याआधी चर्चकडून विचारून घ्या, ग्रुपवर फिरणाऱ्या जुन्या फोटोवर विसंबू नका. लहान मुलं असतील तर शाळा सुरू व्हायच्या आणि परीक्षेच्या दिवसांत गर्दी वाढते हे धरून चाला, पाण्याची बाटली ठेवा, दाराजवळची बाजू पकडा म्हणजे मूल रडलं तर बाहेर पडता येतं. 27 जूनच्या आसपास मातेचा सण असतो, तेव्हा पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी शक्यतो जाऊ नये, एखादा साधा बुधवार निवडा, नीट प्रार्थना होईल.

बाहेर मेणबत्त्या, हार विकणारे बसलेले असतात, घ्यायचं तर घ्या, नाही घेतलं तरी काही अडत नाही, मोठ्या मेणबत्तीला मोठं फळ असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. आत गेल्यावर मातेसमोर उभं राहून सेल्फी काढू नका, मागे कोणीतरी तुमच्यापेक्षा मोठं दुःख घेऊन उभं असतं. आणि नोव्हेना संपल्या संपल्या धावू नका. गाडीची घाई मला कळते, पण शेवटच्या आशीर्वादाला निम्मे लोक दाराकडे निघालेले असतात आणि त्याच वेळी आजारी माणसं जागेवर बसून राहिलेली असतात, त्यांना धक्के लागतात.

पत्र घरूनच लिहून न्या, मराठीत चालतं, तिथे उभ्या उभ्या लिहायला बसलात तर मनातलं लिहिलं जात नाही. चार ओळी पुरतात. नाव नको. आणि काम झालं, अर्धं झालं, किंवा झालं नाही पण बळ मिळालं, तर आभाराचंही पत्र टाका, कारण मागण्यांची पत्रं पुष्कळ येतात आणि तुमचं ते एक पत्र ऐकून कोणीतरी पुढच्या बुधवारी परत येईल.

ज्यांना आजारपणामुळे, नोकरीमुळे किंवा गाडीचा प्रवास झेपत नाही म्हणून जमत नाही त्यांनी वाईट वाटून घेऊ नका. वसईतल्या बऱ्याच धर्मग्रामांत बुधवारी नोव्हेना असतो, आपल्या देवळात विचारा, तिथे माणसं कमीच असतात, गायला तर अजून कमी, तुम्ही गेलात तर त्यांना आधार होईल. कोणाला माझ्याबरोबर माहीमला यायचं असेल तर मंगळवारी रात्रीपर्यंत ग्रुपवर सांगा, अंधेरीला लेडीज डब्यापाशी भेटू, मधला डबा.