केनियात सौरपंप हप्त्यांवर विकायचे, तर भांडवल कुठून आणावं?

महाराष्ट्रात ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेत शेतकरी दहा टक्के भरतो (अनुसूचित जाती-जमातींसाठी पाच), बाकीचा भार अनुदानावर. केनियात त्या तोडीचं अनुदान नाही. तिथला शेतकरी थोडी अनामत भरून पंप घेतो आणि उरलेली रक्कम दीड-दोन वर्षं एम-पेसावरून (मोबाइलवरून पैसे पाठवायची तिथली सेवा) हप्त्यांनी फेडतो. थोडक्यात, पंप विकणारी कंपनीच सावकार होते. इथून तिकडे माल पाठवणाऱ्यानं किंवा नैरोबीत कंपनी काढणाऱ्यानं आधी हे डोक्यात पक्कं करावं, कारण पुढचं सगळं गणित पंपाचं नसून उधारीचं आहे.

एक हिशोब धरू. पंप केनियात उतरवून शेतात बसवेपर्यंत खर्च 50,000 शिलिंग. अनामत 10,000. मग 3,200 चे 24 हप्ते. अनामत वजा जाता 40,000 अडकले; सगळे वेळेवर भरत असतील तर ते साडेबारा महिन्यांत सुटतात. प्रत्यक्षात येण्यांपैकी तीन-चतुर्थांशच वसूल झाली, तर जवळजवळ सतरा महिने लागतात. त्याआधी कारखान्याला आगाऊ रक्कम, जहाज, मोंबासा बंदर, गोदाम यांत तीन-चार महिने गेलेले असतात. हजार पंपांना पाच कोटी शिलिंग, आणि ते वीसेक महिने बाहेर. बारा महिन्यांचं कर्ज कितीही स्वस्त मिळालं तरी इथं अपुरं पडतं, हे या हिशोबावरूनच कळतं.

स्थानिक बँक, शिलिंगमध्ये

व्याजाचा दर ऐकून लोक इथूनच पळतात. 2024 च्या सुरुवातीला केंद्रीय बँकेचा दर 13 टक्के होता आणि त्याच फेब्रुवारीत सरकारनं पायाभूत सुविधांचे करमुक्त रोखे 18.46 टक्क्यांनी विकले. घरबसल्या सरकारकडून एवढं मिळत असताना बँकेनं शेतकऱ्यांच्या हप्त्यांवर जोखीम का घ्यावी? सप्टेंबर 2016 ते नोव्हेंबर 2019 या काळात कायद्यानं कर्जाच्या दरावर मर्यादा घातली, तेव्हाही हेच झालं: बँका सरकारी कागदाकडे वळल्या आणि लहान धंद्यांचं कर्ज आटलं.

ऑगस्ट 2024 पासून केंद्रीय बँक दर उतरवू लागली. तरी खरी अडचण दराची नाही, तारणाची आहे. बँक जमिनीची कागदपत्रं आणि संचालकांची वैयक्तिक हमी मागते. 2017 च्या जंगम मालमत्ता तारण कायद्यामुळे माल आणि ग्राहकांकडची येणीही तारण म्हणून नोंदवता येतात, पण बँक ती दर्शनी किमतीला धरत नाही. तिला पटवायचं तर एकूण विक्रीचा आकडा निरुपयोगी. विक्रीच्या महिन्यानुसार गट पाडा, प्रत्येक गटाची दर महिन्याची वसुली मांडा आणि ती पेबिल खात्याच्या (एम-पेसावरचे हप्ते जमा होणारं कंपनीचं खातं) उताऱ्याशी जुळवून दाखवा. विक्रेत्यांना कमिशन नुसत्या विक्रीवर दिलं असेल तर या तक्त्यात ते लगेच उघडं पडतं: नव्या गटांची वसुली जुन्यांपेक्षा घसरलेली दिसते. कमिशनचा काही भाग सहाव्या हप्त्यापर्यंत राखून ठेवा.

तारण तरीही कमी पडलं, तर नैरोबीच्या आफ्रिकन गॅरंटी फंडासारख्या संस्थेची अर्ध्या कर्जाला हमी मिळते का ते बँकेमार्फत विचारावं. हमीचं शुल्क व्याजात मिळवूनच तुलना करा. हमीनं काय साधतं याचा ठळक नमुना म्हणजे एकॉर्न कंपनीचे 2019 चे हरित रोखे. विद्यार्थी वसतिगृहांसाठी सुमारे 4.3 अब्ज शिलिंग 12.25 टक्क्यांनी उभे राहिले, त्यामागे गॅरंटको या हमी देणाऱ्या संस्थेची 50 टक्के हमी होती.

परदेशी फंड, डॉलरमध्ये

नऊ टक्के दर, तारणात लवचीकता, तीन वर्षांची मुदत. शिवाय सोबतीला एक युक्तिवाद असतो: माल डॉलरनं येतो, म्हणून कर्जही डॉलरचं बरं. हा साफ चुकीचा आहे. माल कशानं आला ते महत्त्वाचं नाही; हप्ता कशानं येतो ते महत्त्वाचं, आणि हप्ता शिलिंगमध्ये येतो.

2023 च्या सुरुवातीला डॉलर सुमारे 123 शिलिंगला होता, जानेवारी 2024 मध्ये 160 ला टेकला. चार लाख डॉलरचं वर्षाचं कर्ज घेतलं असतं तर हातात 4.92 कोटी आले असते आणि नऊ टक्के व्याजासह परत 6.98 कोटी द्यावे लागले असते, म्हणजे शिलिंगच्या हिशोबात जवळपास 42 टक्के व्याज. तेच बँकेकडून 18 टक्क्यांनी घेतले असते तरी 5.81 कोटीत सुटका होती. गंमत पुढे आहे. काही महिन्यांतच डॉलर 130 च्या आसपास उतरला. घाबरून ऐन शिखरावर डॉलर घेऊन कर्ज फेडणाऱ्यांनी तोटा कायमचा पदरात पाडून घेतला. नायजेरियात तर जून 2023 मध्ये 460 च्या आसपास असलेला डॉलर 2024 च्या सुरुवातीला 1,500 नायरांवर गेला.

करारात आणखी एक कलम दडलेलं असतं. परदेशी सावकाराला दिलेल्या व्याजावर केनिया 15 टक्के कर कापून घेतो, आणि हा कर कर्जदारानं सोसायचा असं बहुतेक फंड लिहून घेतात. मग नऊचे 10.6 टक्के होतात. टीसीएक्ससारख्या संस्थेमार्फत चलनाचा धोका झाकता येतो, पण त्याचा खर्च मिळवला की दर स्थानिक बँकेच्या जवळ जाऊन बसतो. डॉलरचं कर्ज शोभतं ते डॉलर कमावणाऱ्या ग्राहकाला: नैवाशाचे फूलमळे, किंवा मोंबासाच्या लिलावात डॉलरनं चहा विकणारे कारखाने.

मोठ्यांनी हा पेच कसा सोडवला? सन किंगनं (पूर्वीची ग्रीनलाइट प्लॅनेट, जिचे पहिले सौरदिवे भारतात विकले गेले) 2023 मध्ये ग्राहकांची येणी एका वेगळ्या कंपनीकडे वळवून 13 कोटी डॉलरच्या तोलाचं कर्ज शिलिंगमध्येच उभं केलं. हजार-दोन हजार पंपवाल्याला ही वाट नाही. वकिलांचा खर्चच झेपणार नाही.

अनुदान आणि कार्बन

केनियाच्या 14 मागास परगण्यांसाठी जागतिक बँकेच्या 15 कोटी डॉलरच्या कोसॅप प्रकल्पात कंपन्यांना विक्रीनंतर, पडताळणी झाल्यावर रक्कम देण्याची सोय केली होती. या धर्तीचं अनुदान म्हणजे वरातीमागून घोडं: आधी माल स्वतःच्या पैशानं बसवा, मग दावा करा. ग्राहकाचा फोन लागला नाही किंवा शेताचं ठिकाण जुळलं नाही की दावा अडतो, म्हणून बसवतानाच फोटो, ठिकाण आणि दुसरा फोन नंबर घ्या. ही रक्कम नफ्यात धरावी, खेळत्या भांडवलात नाही. 2025 मध्ये अमेरिकेच्या यूएसएआयडी या मदतसंस्थेचं काम गुंडाळलं गेल्यावर देणग्यांवर आखलेले धंदे किती डळमळीत असतात तेही दिसलं.

कार्बन क्रेडिटचं (टाळलेल्या प्रदूषणाचं विकता येणारं प्रमाणपत्र) आकर्षण जास्त आणि हिशोब किरकोळ. वर्षाला 200 लिटर पेट्रोल वाचलं तर साधारण 0.46 टन कार्बन डायऑक्साइड वाचतो. टनाला दहा डॉलर धरले तर पंपामागे साडेचार डॉलर. हजार पंपांचे साडेचार हजार डॉलर, आणि त्यासाठी स्वतंत्र पडताळणी! चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. त्यात केनियाच्या 2023 च्या हवामान बदल दुरुस्ती कायद्यानुसार जमिनीशी निगडित नसलेल्या प्रकल्पांच्या कमाईतूनही किमान 25 टक्के वाटा स्थानिक समुदायाला द्यायचा आहे. पंप दहा-वीस हजारांवर जाईपर्यंत या वाटेला जाऊ नये.

निवड

हजारभर पंपांपर्यंत: पहिली बुडीत उधारी सोसायला स्वतःचं भांडवल, वर हमीसह शिलिंगचं दोन वर्षांचं कर्ज. दर डॉलरपेक्षा सात-आठ टक्के जास्त असला तरी चालेल. डॉलरचा फंड घ्यायचाच असेल तर शिलिंगमध्ये परतफेड मागा, आणि त्याला *सगळ्या* येण्यांवर पहिला हक्क लिहून देऊ नका. तसं नोंदवलं गेलं की पुढची बँक दारातूनच परत पाठवते. ठरावीक पंपांच्या येण्यांपुरताच हक्क द्यावा.

वसुलीची अट तपासून सही करा. ‘तीस दिवसांहून जास्त थकबाकी अमुक टक्क्यांवर गेली तर कर्ज तातडीनं परत’ असं कलम बहुधा असतं, आणि ते दर महिन्याला तपासलं जातं. केनियाच्या बऱ्याच भागात मार्च ते मे मोठा पाऊस, ऑक्टोबर ते डिसेंबर छोटा. पावसात पंप बंदच असतो, त्यामुळे हप्ता चुकल्यावर तो दूरवरून लॉक केला तरी शेतकऱ्याचं काही अडत नाही. पैसा येतो कोरड्या महिन्यांतल्या भाजीपाल्यातून. महिन्याची अट मे महिन्यात मोडणारच. सहा महिन्यांची सरासरी मागा, आणि कर्जाची पहिली मुद्दल फेड पहिल्या कोरड्या हंगामानंतर ठेवून घ्या.