पीक फ्लो मीटर: वजन उतरवणाऱ्या दमेकऱ्यांच्या किती कामाचा?

फुंकेचा जोर मोजणारा हा प्लास्टिकचा साधा मीटर नागपुरात धंतोली किंवा मेडिकल चौकातल्या मोठ्या मेडिकलमध्ये विचारून पाहा. दमा आहे आणि वजनही जास्त आहे, अशा माणसाने तो घ्यावाच. फक्त त्याच्याकडून काय अपेक्षा ठेवायची नाही, ते आधी समजून घ्यावं.

पोटाची चरबी श्वासपटलाला वर रेटते. साधा श्वास सोडल्यावर छातीत उरणारी हवा कमी होते, बारीक श्वासनळ्या लवकर मिटतात आणि जिना चढताना धाप लागते. मीटर मात्र छाती पूर्ण भरून मारलेल्या फुंकेचा सर्वात जोराचा क्षण मोजतो. म्हणून वजन उतरलं, धाप कमी झाली, तरी आकडा जागचा हलत नाही, असं होऊ शकतं. तेवढ्यावरून मेहनत वाया गेली असं समजून कोणी आहार-व्यायाम सोडू नये. वजन ५ ते १० टक्के उतरलं तरी बऱ्याच जणांचा दमा आधीपेक्षा ताब्यात राहतो. मोठेपणी सुरू झालेल्या, अॅलर्जी नसलेल्या दम्यात फरक जास्त दिसतो.

मीटर उपयोगी पडतो तो सकाळ-संध्याकाळची तफावत पाहायला. पंप घेण्याआधी, उभं राहून (बसलं की पोट दुमडतं), काटा शून्यावर आणून ३ फुंका मारा आणि सर्वात मोठा आकडा वहीत लिहा. सकाळी ३२०, संध्याकाळी ३८०: फरक ६०, सरासरी ३५०, म्हणजे सुमारे १७ टक्के. मोठ्या माणसात २ आठवड्यांची सरासरी तफावत १० टक्क्यांच्या वर राहिली, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. आकडा आपल्या सर्वोत्तम आकड्याच्या निम्म्याखाली आला, तर लगेच आराम देणारा पंप घ्या आणि दवाखाना गाठा.

चुका ठरलेल्या असतात. बोट काट्याच्या वाटेत आलं, फुंक लांबवली किंवा ओठांतून हवा निसटली, की आकडा पडतो. थुंकल्यासारखी झटक्याने फुंक मारली, की तो खोटाच फुगतो.

त्याच वहीत दर आठवड्याचं वजन आणि दर महिन्याला दमा नियंत्रण चाचणीचे (ACT, स्वतः भरायची प्रश्नावली) गुण लिहा. ५ प्रश्न, २५ गुण. १९ किंवा कमी म्हणजे दमा ताब्यात नाही. वजन उतरल्याचा फायदा आधी बहुधा इथेच दिसेल. वजन परत चढलं की त्रासही परत येऊ शकतो, त्यामुळे ही वही वर्षानुवर्षं चालवायची असते. बरं वाटलं म्हणून स्टिरॉइडचा पंप मनाने बंद करायचा नाही. मात्रा डॉक्टरच उतरवतील.

मीटर कोमट साबणपाण्याने धुवा, उकळू नका. पावसाळ्यात तो पूर्ण वाळल्याशिवाय वापरू नका आणि मे महिन्यात उन्हातल्या गाडीत ठेवू नका. नवा घेतला तर आकड्यांची पट्टी (स्केल) जुन्यासारखीच आहे का ते बघा. दोन मीटरचे आकडे जुळतीलच असं नाही, म्हणून सुरुवातीचे काही दिवस दोन्हींवर फुंका.