मेडिकल गॅस्ट्रो की सर्जिकल गॅस्ट्रो? पुण्यातल्या इंटर्नसाठी तुलनात्मक आढावा

पुढे पोटाच्या विकारांमध्येच काम करायचे, एवढे मनाशी पक्के झालेले एमबीबीएसचे विद्यार्थी ससूनच्या वॉर्डांत दरवर्षी भेटतात. मेडिकल गॅस्ट्रोएंटरॉलॉजी (औषधे आणि दुर्बिणीने उपचार) घ्यायची की सर्जिकल (शस्त्रक्रियेने उपचार), हा प्रश्न सुपरस्पेशालिटीच्या वेळी पाहता येईल, असा त्यांच्यातल्या अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात त्याचा निकाल नीट-पीजीच्या (एमबीबीएसनंतरच्या प्रवेशपरीक्षेच्या) काउन्सेलिंगमध्येच लागतो, कारण डीएम गॅस्ट्रो या सुपरस्पेशालिटी पदवीसाठी एमडी मेडिसिन लागते आणि एमसीएच सर्जिकल गॅस्ट्रो या पदवीसाठी एमएस जनरल सर्जरी. मेडिसिनची जागा घेतली की ऑपरेशन थिएटरची वाट बंद होते. सर्जरीची घेतली की डीएमची. म्हणून ही तुलना इंटर्नशिपमध्येच करायला हवी, आणि ती ‘कुठे पैसे जास्त’ या एकाच प्रश्नावर संपू नये, असे मला मनापासून वाटते.

कालावधी दोन्हीकडे सारखाच आहे. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षे एमबीबीएसची, तीन एमडी किंवा एमएसची, आणि त्यानंतर नीट-एसएस (सुपरस्पेशालिटीची प्रवेशपरीक्षा) देऊन तीन वर्षे डीएम, एमसीएच किंवा त्यांच्या तोडीच्या डीआरएनबीची. सरकारी महाविद्यालयात शिकलेल्यांची बंधपत्रित सेवा आणि मनाजोगत्या जागेसाठी परीक्षा पुन्हा देण्यात गेलेले एखादे वर्ष यांचा हिशेब वेगळा. तिशी ओलांडण्याआधी दोघांपैकी कोणीही सहसा स्वतंत्रपणे काम करू लागत नाही, हे घरच्यांच्या कानावर आधीच घालून ठेवावे. फरक जाणवतो तो पदवी हाती आल्यावर. मेडिकल गॅस्ट्रोचा तज्ज्ञ तुलनेने लवकर स्वतःच्या पायावर उभा राहतो. सर्जिकल गॅस्ट्रोच्या तज्ज्ञाला मात्र बहुधा आणखी काही वर्षे ज्येष्ठ सर्जनसोबत काढावी लागतात, कारण यकृताच्या आणि स्वादुपिंडाच्या मोठ्या शस्त्रक्रिया स्वतःच्या हाताने पुरेशा संख्येने करायला तीन वर्षे अपुरी पडतात.

बाहेरून पाहणाऱ्याला मेडिकल गॅस्ट्रो म्हणजे दुर्बीण (एंडोस्कोपी, बोलीत स्कोपी) वाटते. दुर्बीण महत्त्वाची आहेच, पण दिवसाचा मोठा भाग ओपीडीत जातो आणि तिथे येणाऱ्यांच्या तक्रारी अशा असतात: पोट साफ होत नाही, जेवले की फुगते, घशाशी आंबट येते. यांतल्या पुष्कळ जणांच्या तपासण्या नॉर्मल येतात. त्रास मात्र खरा असतो, आणि अशा माणसाला नीट ऐकून घेणे, कोणाची स्कोपी करायची नाही हे ठरवणे आणि ‘काहीही गंभीर नाही’ हे त्याला पटेल अशा शब्दांत सांगणे हे या शाखेतले रोजचे काम आहे. ज्यांना या संवादाचा कंटाळा येतो त्यांना डीएमनंतरची तीस वर्षे फार लांब वाटतील.

याच ओपीडीत बुद्धीचा कस लागणारे रुग्णही येतात. हडपसरच्या आयटी कंपनीतला पंचविशीतला तरुण काही महिन्यांपासून पोटदुखी, बारीक ताप आणि घटलेले वजन घेऊन येतो. कोलोनोस्कोपीत (मोठ्या आतड्यातून दुर्बीण घालून केलेल्या तपासणीत) लहान आतड्याच्या शेवटच्या भागात व्रण दिसतात. हा आतड्याचा क्षयरोग की क्रोन्स डिसीज (आतड्याचा दीर्घकाळ चालणारा दाह)? दोन्ही रोग दुर्बिणीखाली सख्ख्या भावांसारखे दिसतात, बायोप्सीत ग्रॅन्युलोमा (पेशींचे गाठीसारखे पुंजके) दोन्हींत सापडू शकतात, आणि क्षयरोग असूनही सीबीनॅटची (क्षयाच्या जंतूंचा जनुकीय माग काढणारी) तपासणी अनेकदा निगेटिव्ह येते. क्षयरोग असताना स्टेरॉईड किंवा बायोलॉजिकल औषधे (प्रतिकारशक्ती दाबणारी) दिली तर तो शरीरभर पसरू शकतो; उलट क्रोन्सच्या रुग्णाला महिनोन्‌महिने क्षयरोगाच्या गोळ्या देत राहिले तर आतडे आकसत जाते आणि गोळ्यांचा ताप यकृताला होतो तो वेगळाच. त्यामुळे आपल्याकडे अनेकदा आधी क्षयरोगाचे उपचार सुरू करून साधारण दोन महिन्यांनी पुन्हा कोलोनोस्कोपी करतात आणि व्रण भरले की नाही यावरून निदान पक्के करतात. तोपर्यंत डॉक्टर आणि रुग्ण दोघांनाही अनिश्चिततेत राहावे लागते. मेडिकल गॅस्ट्रोचा खरा स्वभाव मला इथे दिसतो.

काविळीचेही तसेच. दूषित पाण्यातून पसरणाऱ्या हिपॅटायटिस ई या आजारावर पुण्याच्याच राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने दीर्घकाळ संशोधन केले आहे. त्याचे बहुतेक रुग्ण विश्रांतीने बरे होतात, आणि म्हणूनच काविळीची माळ घालणाऱ्याला श्रेय मिळत राहते. शेकडो बऱ्या होणाऱ्या रुग्णांमधून जिचा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचे माप) वाढत चालला आहे, जी गरोदर आहे, जी कालपासून असंबद्ध बोलते आहे, ती एक रुग्ण वेळेत ओळखणे हे तज्ज्ञाचे काम.

हाताचे कामही कमी नाही. मध्यरात्री रक्ताच्या उलट्या करणारा सिरोसिसचा (यकृत कायमचे कडक आणि निकामी होत जाण्याच्या आजाराचा) रुग्ण आला की रक्त चढवणे, ऑक्ट्रिओटाइड हे रक्तस्राव कमी करणारे औषध आणि अँटिबायोटिक सुरू करणे, गरज पडल्यास भूल देऊन श्वासनलिका सुरक्षित करणे आणि मग स्कोप आत घालणे, असा क्रम असतो. पडद्यावर सगळे लाल दिसत असते. पाणी मारून, रक्त ओढून घेऊन अन्ननलिकेतली फुगलेली शीर शोधायची, तिला स्कोपच्या टोकावरच्या टोपीत ओढायचे आणि रबरी रिंग सोडायची. रक्तस्राव जठराच्या वरच्या भागातल्या फुगलेल्या शिरेतून असेल तर तिच्यात ग्लू टोचायचा. रक्त थांबते, पण सिरोसिस तसाच राहतो. हा रुग्ण पुढची अनेक वर्षे जलोदर, इन्फेक्शन, दारूचा पुन्हा सुरू झालेला ग्लास, बायकोचे प्रश्न असे सगळे घेऊन तुमच्याकडेच येत राहतो. गॅस्ट्रोच्या तज्ज्ञाला मृत्यू कमी पाहावा लागतो, ही समजूत यकृताच्या वॉर्डात एक आठवडा काढला की टिकत नाही.

सर्जिकल गॅस्ट्रोमध्ये रुग्णाशी नाते तुलनेने थोड्या काळाचे आणि फार दाट असते. स्वादुपिंडाच्या डोक्याजवळच्या गाठीमुळे कावीळ झालेल्या रुग्णाची व्हिपल शस्त्रक्रिया हे त्याचे ठळक उदाहरण. ॲलन व्हिपल यांनी १९३५ मध्ये मांडलेल्या या शस्त्रक्रियेत आज स्वादुपिंडाचे डोके, आद्यांत्र (लहान आतड्याचा पहिला भाग), पित्तनलिकेचा खालचा भाग आणि पित्ताशय काढतात, आणि त्यानंतर आतडे स्वादुपिंडाला, पित्तनलिकेला आणि जठराला असे तीन ठिकाणी जोडतात. हे काम कित्येक तास चालते. सर्वांत नाजूक जोड स्वादुपिंडाचा. ते मऊ असेल आणि त्यातली नळी बारीक असेल तर टाका धरत नाही, हे सर्जनला टाका घालतानाच बोटांना कळते. तिसऱ्या दिवशी ड्रेनमधल्या (पोटातले पाणी बाहेर काढणाऱ्या नळीतल्या) पाण्यातले अमायलेज, म्हणजे स्वादुपिंडाचे पाचक द्रव्य, तपासायला जाते. रक्तातल्या कमाल सामान्य पातळीच्या तिपटीहून ते जास्त आले की गळतीची शंका घ्यावी लागते, आणि मग ताप, पोटदुखी, ड्रेनचा बदललेला रंग यांवर दिवसातून अनेकदा लक्ष ठेवावे लागते. चांगल्या केंद्रांत या शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू आता खूप कमी झाले आहेत, पण गुंतागुंत आजही वारंवार होते. निष्णात सर्जनच्या रुग्णालाही गळती होते. आपल्या हाताने केलेल्या जोडातून रुग्ण अडचणीत आला आहे, हे माहीत असताना रोज सकाळी त्याच्या नातेवाइकांसमोर उभे राहण्याची ताकद या शाखेत हाताच्या कौशल्याइतकीच लागते. यकृत प्रत्यारोपणात हा भार आणखी वाढतो, कारण भारतात बहुतेक यकृते जिवंत दात्याकडून मिळतात आणि दाता हा पूर्ण निरोगी माणूस असतो.

आता सीमेबद्दल. निवड करताना हा मुद्दा फार थोडे विद्यार्थी विचारात घेतात, आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो: या दोन शाखांमधली हद्द स्थिर नाही. अल्सरसाठी व्हॅगस नस (जठरातल्या आम्लाला चालना देणारी) कापणे ही एके काळी सर्जनची नित्याची शस्त्रक्रिया होती. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी १९८२ मध्ये हेलिकोबॅक्टर पायलोरी हा अल्सर घडवणारा जीवाणू प्रयोगशाळेत वाढवला, त्यासाठी त्यांना २००५ चे नोबेल मिळाले, आणि त्याच सुमारास आलेल्या आम्लरोधक औषधांसोबत या शोधाने ती शस्त्रक्रिया जवळजवळ इतिहासजमा केली. १९६८ मध्ये ईआरसीपी (दुर्बिणीतून पित्तनलिकेपर्यंत पोहोचण्याची पद्धत) आली, १९७४ मध्ये तिच्यातून पित्तनलिकेचे तोंड कापण्याची पद्धत आली, आणि नलिकेतले खडे सर्जनकडून एंडोस्कोपिस्टकडे गेले. २००८ मध्ये जपानमध्ये पोएम (अन्ननलिकेचा स्नायू दुर्बिणीतूनच कापण्याची पद्धत) सुरू झाल्यावर अकॅलेशियाचेही, म्हणजे अन्ननलिकेचे खालचे तोंड नीट न उघडण्याच्या विकाराचेही, अनेक रुग्ण तिकडे वळले. स्वादुपिंडाचा सडलेला भाग उघड्या शस्त्रक्रियेने काढण्याऐवजी आधी नळी घालून निचरा करावा आणि पायरीपायरीने पुढे जावे, हे २०१० च्या डच चाचणीने दाखवले. २०१८ च्या दुसऱ्या डच चाचणीत शस्त्रक्रियेपेक्षा एंडोस्कोपीने उपचार केलेल्या रुग्णांना फिस्टुला (स्वादुपिंडातून गळतीचे मार्ग) कमी झाले आणि रुग्णालयातला मुक्कामही घटला.

एवढे वाचून सर्जरीचे दिवस भरले, असा निष्कर्ष कोणी काढेल, तर तो घाईचा ठरेल. २०२० मध्ये त्याच डच संशोधकांच्या जाळ्यातून आलेल्या चाचणीत दीर्घकालीन स्वादुपिंडदाहाच्या रुग्णांना आधी एंडोस्कोपी करत राहण्यापेक्षा लवकर शस्त्रक्रिया केल्याने वेदनेपासून जास्त आराम मिळाला. डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात लॅप्रोस्कोपीने पित्ताशय काढून भारतात नवे पर्व सुरू केले, तेव्हा सर्जरीनेही स्वतःला बदलले होतेच. कर्करोग आणि प्रत्यारोपण यांसाठी सर्जन लागणारच आहे. म्हणून आज आवडणाऱ्या एखाद्या प्रोसिजरवर भाळून शाखा घेऊ नये. वीस वर्षांनी ती प्रोसिजर कोणाच्या हातात असेल, हे सांगता येत नाही.

पुण्यातल्या व्यवसायाचा विचार केला तर फरक सरळ दिसतो. मेडिकल गॅस्ट्रोकडे रुग्ण थेट येतो. कोथरूड असो की पिंपरी-चिंचवड, ‘पोटाचे डॉक्टर’ अशी पाटी वाचून माणूस आत शिरतो, आणि स्कोपीची व्यवस्था, एक प्रशिक्षित सहायक आणि निर्जंतुकीकरणाची शिस्त एवढ्यावर स्वतःचे केंद्र उभे राहू शकते, जरी यंत्रसामग्रीचे कर्ज मोठे असले तरी. ईआरसीपीसाठी मात्र मोठ्या रुग्णालयाशी जोडून घ्यावे लागते. बारामती, सातारा, सोलापूर अशा ठिकाणी ठरावीक दिवशी जाऊन ओपीडी करण्याची सोयही या शाखेत आहे.

सर्जिकल गॅस्ट्रोला सुसज्ज थिएटर, आयसीयू, रक्तपेढी, रेडिओलॉजिस्ट आणि मोठ्या केसेसची सवय असलेला भूलतज्ज्ञ यांच्याशिवाय पाऊल टाकता येत नाही. तो पहिल्यापासून मोठ्या रुग्णालयाशी बांधलेला राहतो. शिवाय त्याचे रुग्ण बहुतांशी गॅस्ट्रोएंटरॉलॉजिस्टकडून पाठवले जातात. अपेंडिक्स, हर्निया, पित्ताशय ही कामे जनरल सर्जन करतात आणि पोटाच्या कर्करोगावर सर्जिकल ऑन्कॉलॉजिस्टचाही हक्क असतो. नव्या सर्जनची पहिली काही वर्षे म्हणूनच सावकाश जातात. डीएमवाल्यालाही स्पर्धा आहे, कारण पुण्यात साधी गॅस्ट्रोस्कोपी करणारे जनरल सर्जन पुष्कळ आहेत, पण त्याच्या ओपीडीचा पाया त्यामुळे हलत नाही.

शरीराची झीज दोन्हीकडे होते. एंडोस्कोपिस्टचा अंगठा, मनगट आणि मान दुखते, आणि ईआरसीपी करणाऱ्याला क्ष-किरणांमुळे शिशाचा जड एप्रन आणि गळपट्टा घालून उभे राहावे लागते. सर्जनची कंबर आणि पाय जातात. रात्रीचे फोन दोघांनाही येतात. सर्जनची रात्र जास्त लांबते.

जागा निवडताना शहराच्या नावापेक्षा एक प्रश्न महत्त्वाचा: शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याने गेल्या वर्षी स्वतःच्या हाताने किती ईआरसीपी केल्या, किती यकृताच्या केसेसमध्ये तो पहिला सहायक होता? त्याचे लॉगबुक, म्हणजे केलेल्या कामांची नोंदवही, पाहायला मागावे. डीएम आणि डीआरएनबी यांत श्रेष्ठ कोण, हा वाद त्या लॉगबुकापुढे गौण आहे. मुंबई, हैदराबाद, चंदीगड किंवा चेन्नईला जाण्याची तयारी ठेवावी.

माझे मत विचारले तर, ज्याला निदानाच्या गुंत्यात रस आहे, ज्याला तोच रुग्ण दहा वर्षे पाहायला आवडेल आणि ज्याला हातानेही काहीतरी करायचे आहे, त्याने मेडिसिन घ्यावे. दोन्ही वाटांमध्ये घुटमळणाऱ्यालाही मी मेडिसिनच सुचवेन, कारण तिथे मार्ग बदलायला जास्त वाव आहे. थिएटरमध्ये तासन्‌तास उभे राहूनही ज्याचे लक्ष भटकत नाही आणि एकदा घेतलेला निर्णय परत फिरवता येत नाही या जाणिवेने ज्याचा हात थरथरत नाही, त्याने मात्र कोणी कितीही समजावले तरी सर्जरी सोडू नये. नीट-एसएसमध्ये हवी ती जागा मिळेलच असे नाही, त्यामुळे केवळ फिजिशियन किंवा केवळ जनरल सर्जन म्हणून राहावे लागले तर चालेल का, हेही स्वतःला विचारावे. गॅस्ट्रोच्या आशेवर नावडत्या शाखेत तीन वर्षे काढणारे रेसिडेंट पाहवत नाहीत.

हे सगळे तपासायची संधी इंटर्नशिपमध्येच आहे. मेडिसिनच्या पोस्टिंगमध्ये सिरोसिसचा एक रुग्ण दाखल झाल्यापासून घरी जाईपर्यंत धरून ठेवावा, त्याच्या जलोदराचे पाणी स्वतः काढावे, त्याच्या बायकोशी बोलावे, आणि तो पुन्हा दाखल झाला तर पुन्हा जावे. सर्जरीच्या पोस्टिंगमध्ये एक मोठी पोटाची शस्त्रक्रिया सुरुवातीपासून शेवटच्या टाक्यापर्यंत पाहावी आणि नंतरचा आठवडाभर रोज सकाळी राउंडच्या आधी जाऊन त्याच रुग्णाचा ड्रेन मोजावा. काउन्सेलिंगची यादी भरण्याआधी हे दोन्ही करून झालेले असावे.