पीपीपीचं (सरकारी-खासगी भागीदारीचं) दोन दिवसांचं प्रशिक्षण, वर्धा रोड, नागपूर : पाचपैकी साडेतीन

मी एका नगर परिषदेत लेखापाल. साहेबांना वेळ नव्हता म्हणून या प्रशिक्षणाला मला पाठवलं. संस्थेचं नाव लिहीत नाही. फी परिषदेनं भरली. माझं टीए बिल मात्र अजून फिरतंय.

हॉलमध्ये एसी इतका की दुसऱ्या दिवशी शाल नेली. नोट्स सगळ्या इंग्रजीत. सकाळी तर्री पोहे होते, त्याबद्दल तक्रार नाही.

व्हीजीएफ, म्हणजे तोट्यातल्या प्रकल्पाची तूट भरायला मिळणारं अनुदान, मात्र झकास शिकवलं. प्रकल्प लोकांना हवा, पण वसुलीतून खर्च निघत नाही, तेव्हा केंद्र साधारणपणे खर्चाच्या २० टक्क्यांपर्यंत (पाणी, कचरा अशा सामाजिक कामांत ३० टक्क्यांपर्यंत) देतं, तेवढंच आणखी राज्य किंवा आपली पालिका घालू शकते. फी इथंच वसूल झाली.

मग नागपूरचं पाणी. आधी कर्नाटकात हुबळी-धारवाड, बेळगाव, गुलबर्ग्यात काही भागांत चोवीस तास पाणी देऊन पाहिलं. इथं धरमपेठ झोनमध्ये प्रयोग झाला आणि २०१२पासून अख्ख्या शहराचं काम २५ वर्षांसाठी खासगी ऑपरेटरकडे गेलं. वक्ते म्हणाले, "मॉडेल तयार आहे, उचला." मी विचारलं, नागपुरात कामाचा ७० टक्के पैसा जेएनएनयूआरएम या केंद्राच्या शहर-विकास योजनेतून, म्हणजे केंद्र-राज्याकडून आला होता. ती योजना संपली. आता आमच्यासारख्यांना कोण देणार? "चांगला प्रश्न आहे," म्हणाले आणि पुढच्या स्लाइडवर गेले.

खरं प्रशिक्षण जेवणाच्या रांगेत झालं, राजेहो! शेजारचे इंजिनिअर भाऊ म्हणाले, "बस स्टँडच्या दुकानांचं टेंडर आहे जी माझ्याकडं, घेऊन जा." पेन ड्राइव्ह या टेबलावरून त्या टेबलावर. धोरण गावोगाव कसं जातं ते वक्त्यांपेक्षा मला वरण-भाताच्या ताटाशी जास्त कळलं. भाऊंनी ते टेंडर दुसऱ्या पालिकेकडून घेतलेलं, त्या पालिकेनं तिसरीकडून. गावाचं नाव सगळीकडे नीट बदललेलं, पण एका कलमात "नदीकाठावरील गाळ्यांना पूररेषेचा नियम लागू" राहून गेलंय. आमच्या गावाला नदीच नाही. ते कलम निदान दिसलं तरी. ३० वर्षांची मुदत आणि दंडाचा दर कुणी, कुठल्या गावाचा हिशोब मांडून ठरवला, हे रांगेतल्या एकालाही सांगता आलं नाही.

संस्थेनं तिसरा दिवस ठेवावा आणि आमचीच टेंडरं समोर घेऊन कलम-कलम वाचून घ्यावीत. फी वाढली तरी मी फाइल पुढं सरकवीन.