खुले ज्ञानकोश, बरेच महिने वापरल्यावर: माझं सगळं भांडण तळटिपांशी

कोणीही संपादन करू शकतं असे विकिपीडियासारखे ज्ञानकोश कसे चालतात ते सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून थेट तक्रारीवर येते. वाक्याच्या शेवटी तो छोटा निळा आकडा दिसला की वाचणारा निर्धास्त होतो. त्यावर क्लिक करून पाहतं कोण? मी बरेच महिने पाहतेय. काही लिंक बंद पडलेल्या असतात. काही उघडतात, पण त्या वाक्यात जे म्हटलंय ते तिथे नसतंच.

गेल्या आठवड्यात एका पुलाच्या बांधकामाचं साल तपासत होते. तळटिपेत वर्तमानपत्रातला लेख, लेखात तेच साल. मग पानाचा ‘इतिहास’, म्हणजे त्यातल्या प्रत्येक बदलाची नोंद, उघडला. हे साल कोणीतरी लेख छापून येण्याच्या खूप आधी, बिनसंदर्भ टाकलेलं होतं! वार्ताहराने कोशातून उचललं आणि कोशाने त्याच वार्ताहराचा दाखला दिला. मी साल काढलं, तर लगेच कोणीतरी परत आणलं. कारण काय, तर ‘संदर्भ आहे’. चर्चापानावर सगळ्या तारखा मांडल्या, त्याला अजून उत्तर नाही. ही चीड जाता जात नाही.

कारण याच आंधळ्या विश्वासावर इंग्रजी विकिपीडियात एक अख्खं काल्पनिक युद्ध उभं राहिलं होतं. पोर्तुगीज आणि मराठा साम्राज्य यांच्यात १६४०-४१ साली झालेला ‘डिचोली संघर्ष’. २००७ मध्ये लेख आला, त्याच वर्षी त्याला ‘चांगला लेख’ हा दर्जा मिळाला आणि २०१२च्या अखेरीस तो लेखच काढून टाकला गेला. दाखल्यातली महत्त्वाची पुस्तकं अस्तित्वातच नव्हती. १६४० मध्ये शिवाजी महाराज दहा वर्षांचे होते, तेव्हा कुठलं मराठा साम्राज्य? आपल्याकडच्या शाळकरी मुलालाही हे खटकलं असतं. पण तळटिपा होत्या ना!

इथवर लिहून झाल्यावर दोन दिवस थांबले आणि मत थोडं बदललं. पुलाची भानगड मला कळली ती त्याच कोशाच्या ‘इतिहास’ टॅबमुळे. कोणतं वाक्य कधी आलं, कोणत्या खात्यावरून आलं, सगळं उघडं. पैसे मोजून घेतलेल्या छापील कोशात ही सोय नाही. चूक सापडली तर पुढच्या आवृत्तीची वाट पाहायची आणि पुन्हा पैसे मोजायचे. चुका तिथेही असतातच. ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकाने २००५ मध्ये विज्ञानाचे ४२ लेख तज्ज्ञांकडून तपासून घेतले, तेव्हा दर लेखामागे विकिपीडियात साधारण चार आणि ब्रिटानिका या नावाजलेल्या इंग्रजी कोशात तीन चुका निघाल्या. ब्रिटानिकाने त्या तपासणीवर जोरदार आक्षेप घेतला, तरी फुकट मिळणाऱ्या वस्तूसाठी हा निकाल मला फार मोठा वाटतो.

फरक पडतो तो वर्दळीने. गजबजलेल्या पानावरचा खोडसाळपणा बहुतेकदा काही मिनिटांत पुसला जातो. आडबाजूच्या पानावर तो वर्षानुवर्षं राहतो. जॉन सायगनथॅलर या अमेरिकन पत्रकाराचं नाव राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या हत्येशी जोडणारा खोटा मजकूर २००५ मध्ये चारेक महिने तसाच होता.

म्हणून गणित, खगोलशास्त्र यांची पानं मी बिनधास्त वाचते. स्थानिक इतिहास आणि जिवंत माणसांच्या पानांवरून फक्त पुस्तकांची नावं घेते आणि ती पुस्तकं शोधते. मला एकच सुधारणा हवी आहे: वाक्य पानावर कधी आलं आणि त्याचा स्रोत कधीचा आहे, या दोन तारखा तळटिपेतच शेजारी शेजारी दिसू देत. वाक्य स्रोताच्या आधीचं निघालं की तो आकडा लाल व्हावा.