हिरडीसाठी काय निवडाल: टाळूची ऊती, वाढीचं प्रथिन की जनुक बदललेल्या मूळपेशी?

हिरडी सरकून दाताचं मूळ उघडं पडलं, की गार पाण्यानेही कळ येते. अशा वेळी ‘मूळपेशींनी (ज्यांपासून वेगवेगळ्या ऊती बनू शकतात अशा पेशींनी) हिरडी पुन्हा तयार करता येते’ असं कानावर आलं, तर थांबून पाहावंसं वाटणारच. पण आधी नेमकं काय गेलंय ते दंतवैद्याकडून समजून घ्या: नुसती हिरडी, की आतलं हाडही?

नुसती हिरडी गेली असेल, तर टाळूतली संयोजी ऊती काढून मुळावर शिवणं हा आजही सर्वांत भरवशाचा उपाय. त्रास दुसऱ्या जखमेचा: टाळू बरेच दिवस दुखतो आणि अनेक दातांना पुरेल एवढी ऊती तिथे मिळेलच असं नाही.

हाडात खड्डा पडला असेल, तर वाढीची प्रथिनं भरतात. पीडीजीएफ या प्रथिनाला अमेरिकेत २००५ मध्ये मान्यता मिळाली. टाळूला हात लागत नाही, पण प्रथिन जखमेत फार काळ टिकत नाही.

जनुक बदललेल्या पेशींकडून नेमकं हेच साधायचंय: प्रथिन जखमेत टिकून राहावं. दात हाडाला धरून ठेवणाऱ्या तंतूंतल्या मूळपेशी घ्यायच्या, बहुधा विषाणूच्या मदतीने त्यांत पीडीजीएफ किंवा बीएमपी या हाड वाढवणाऱ्या प्रथिनाचं जनुक घालायचं आणि कोलॅजेनसारख्या सच्छिद्र आधारजाळीवर, म्हणजे स्कॅफोल्डवर, त्या रुजवायच्या. जाळी विरत जाते, पेशी प्रथिन बनवत राहतात. मला ही कल्पना मनापासून आवडते. बीएमपी-७ चं जनुक घातलेल्या त्वचेच्या पेशींनी उंदरांच्या जबड्यातलं हाड भरून आल्याचं २००३ मध्येच दिसलं होतं.

माणसांत मात्र गाडी खूप मागे आहे. जनुक न बदललेल्या मूळपेशी हाडाच्या पर्यायी पदार्थासोबत भरून पाहिल्या, तेव्हा २०१६ च्या एका चाचणीत त्या सुरक्षित ठरल्या, पण नुसत्या पदार्थापेक्षा ठोस फायदा दिसला नाही. जनुक बदललं की धोकाही वाढतो. जनुक आत नेण्यासाठी वापरला जाणारा रेट्रोव्हायरस हा विषाणू पेशीच्या डीएनएतच शिरतो. फ्रान्समध्ये प्रतिकारशक्तीच्या जीवघेण्या आजारावर असे उपचार घेतलेल्या काही मुलांना पुढे रक्ताचा कर्करोग झाला. अॅडेनोव्हायरस सहसा डीएनएत शिरत नाही, पण त्याचा परिणाम लवकर ओसरतो. जीव वाचवण्यासाठी जो धोका पत्करावा, तो हिरडीसाठी पत्करू नये, असं मला ठामपणे वाटतं.

त्यामुळे हा उपचार कुणी पैसे घेऊन देऊ करत असेल, तर नोंदणीकृत चाचणी आहे का, कुठला विषाणू वापरलाय आणि किती वर्षं तपासणी होणार, हे लेखी मागा. आणि थांबायचं ठरवलंत तरी दातांवरचं किटण आजच काढून घ्या. सूज राहिली तर हाड झिजतच राहतं.