आय ट्रिपल ई एक्स्ट्रीम: दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याने द्यावी अशी चोवीस तासांची स्पर्धा

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना आज कोडिंग स्पर्धांची वानवा नाही. कोडशेफ या संकेतस्थळावर बुधवारी रात्री ‘स्टार्टर्स’ ही स्पर्धा असते, कोडफोर्सेस या तशाच संकेतस्थळावर एखादी फेरी सतत तोंडावर असते आणि आयसीपीसी या महाविद्यालयीन संघांच्या आंतरराष्ट्रीय कोडिंग स्पर्धेच्या ऑनलाइन प्राथमिक फेरीसाठी तर महाविद्यालयेच संघ बांधतात. या गर्दीत आय ट्रिपल ई या अभियंत्यांच्या जागतिक संघटनेची २००६ पासून दरवर्षी होणारी ‘आय ट्रिपल ई एक्स्ट्रीम’ ही स्पर्धा काहीशी मागे पडते. माझे मत असे आहे की, पदवीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातल्या सर्वसाधारण विद्यार्थ्याला शिकण्याच्या दृष्टीने तिच्याइतकी सोयीची स्पर्धा दुसरी नाही. आमच्या महाविद्यालयात मी तिचा प्रॉक्टर, म्हणजे संघांवर देखरेख ठेवणारा शिक्षक, म्हणून काम पाहतो. त्यामुळे हे परीक्षण बाजूला बसून पाहणाऱ्याच्या नजरेतून लिहिले आहे.

स्पर्धा ऑक्टोबरमधल्या एका शनिवारी जगभर एकाच क्षणी सुरू होते. जागतिक प्रमाणवेळेनुसार मध्यरात्री, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाचला, प्रश्न उघडतात आणि रविवारी पहाटे साडेपाचला सारे थांबते. संघात जास्तीत जास्त तिघे असतात. प्रश्न सगळे एकदम हाती न पडता टप्प्याटप्प्याने येतात, त्यामुळे दुपारी थकलेल्या संघालाही संध्याकाळी नवे काहीतरी मिळते. २०२३ मध्ये ही तारीख २८ ऑक्टोबर, नेमकी कोजागरीची होती. त्या वर्षी जागरणाला वेगळे निमित्त शोधावे लागले नाही.

या स्पर्धेचे खरे बलस्थान म्हणजे अंशतः मिळणारे गुण. आयसीपीसीत प्रश्न एक तर पूर्ण सुटतो किंवा सुटत नाही. पाच तास, तिघांत एक संगणक आणि सुटलेल्या प्रश्नावरच्या प्रत्येक आधीच्या चुकीसाठी वीस मिनिटांचा दंड, असा तो कडक कारभार आहे. एक्स्ट्रीममध्ये जितक्या टेस्ट केस, म्हणजे कोड तपासण्यासाठी दिलेली उदाहरणे, उत्तीर्ण होतील त्या प्रमाणात गुण पदरात पडतात. याचा परिणाम काय होतो हे एका उदाहरणावरून कळेल. समजा, २ लाख संख्यांची यादी दिली आहे आणि ‘अमुक स्थानापासून तमुक स्थानापर्यंतची बेरीज सांगा’ असे २ लाख प्रश्न विचारले आहेत. नवखा विद्यार्थी प्रत्येक प्रश्नाला लूप फिरवतो, म्हणजे एकेक संख्या पुन्हा मोजत बसतो. सर्वांत वाईट परिस्थितीत त्या ४ हजार कोटी बेरजा होतात, आणि एका सेकंदात साधारण १० कोटी सोप्या क्रिया हा ढोबळ हिशेब धरला तर टीएलई, म्हणजे वेळमर्यादा ओलांडल्याचा शेरा, ठरलेलाच. तरीही लहान टेस्ट केस पार होतात आणि फलकावर काही गुण दिसतात. ते अर्धवट गुण पाहून विद्यार्थी विचार करू लागतो की उत्तर बरोबर आहे, मग वेळ कुठे जातो? सुरुवातीपासूनच्या बेरजा एकदाच साठवून ठेवल्या तर प्रत्येक प्रश्न एका वजाबाकीत सुटतो, हे त्याला वर्गात सांगून जितके पटत नाही तितके पहाटे तीन वाजता स्वतः सापडल्यावर पटते. बेरीज २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे गेली की ‘इंट’ या पूर्णांकाच्या साध्या प्रकारात ती मावत नाही आणि तिथे ‘लाँग लाँग’ हा मोठा प्रकार लागतो, हेही तो त्याच रात्री शिकतो आणि सहसा विसरत नाही.

दोन तासांच्या स्पर्धेत या शोधाला वेळच नसतो. तिथे ज्याला युक्ती आधीपासून ठाऊक आहे तोच पुढे जातो.

दीर्घ वेळेचा दुसरा फायदा म्हणजे संघाला कामाची वाटणी करावीच लागते. कोणी कधी झोपायचे आणि अडकलेला प्रश्न कोणाच्या हवाली करायचा, हे ज्यांनी शुक्रवारीच ठरवलेले असते ते संघ मध्यरात्रीनंतर टिकतात. तिघेही चोवीस तास डोळे ताणून बसले, तर उत्तररात्री एकमेकांचे कोड वाचण्याचीही ताकद कोणात उरत नाही.

आता उणिवा. प्रश्न स्वयंसेवक रचतात, त्यामुळे त्यांचा दर्जा एकसारखा नसतो; काही प्रश्न अतिशय देखणे, तर काहींत अल्गोरिदमपेक्षा लांबलचक वर्णनाचीच कसोटी अधिक. संघाबाहेरच्या कोणाचीही मदत घ्यायची नाही असा नियम आहे, पण चॅटजीपीटीसारखी साधने खिशातल्या फोनवर आलेली असताना एका प्रॉक्टरने प्रत्येक पडद्यावर चोवीस तास नजर ठेवणे अशक्य आहे. म्हणून इथल्या क्रमांकाला नोकरीच्या मुलाखतीत फार वजन द्यावे असे मला वाटत नाही. अव्वल संघाला आपल्या पसंतीच्या आय ट्रिपल ई परिषदेची सहल बक्षीस मिळते. तिथपर्यंत पोहोचणारे संघ वेगळ्याच तयारीचे असतात आणि इतरांनी त्या आशेवर जागू नये.

सर्वांत मोठी अडचण मात्र आयोजकांची नाही, आपल्या महाविद्यालयांची आहे. रात्री प्रयोगशाळा उघडी ठेवायला परवानगी, सुरक्षारक्षक आणि वीज-इंटरनेटची हमी लागते. मुलींच्या वसतिगृहाची दारे रात्री ठरलेल्या वेळी बंद होतात, त्यामुळे अनेक ठिकाणी मुलींच्या संघाला एक तर घरून खेळावे लागते किंवा संध्याकाळीच डाव सोडावा लागतो. ज्या प्राचार्यांना स्पर्धेच्या निकालाचा फलक दारात लावायला आवडते, त्यांनी एका रात्रीपुरती लेखी परवानगी आणि महिला शिक्षिकेची सोबत एवढी व्यवस्था करायला काहीच हरकत नसावी.

स्पर्धेसाठी वेगळे प्रवेशशुल्क नाही, पण आय ट्रिपल ईचे विद्यार्थी सदस्यत्व आवश्यक आहे आणि प्रॉक्टरही सदस्यच असावा लागतो. सदस्यत्वाचे वर्ष जानेवारी ते डिसेंबर असे चालते. विद्यार्थी शाखा नसलेल्या महाविद्यालयांतील संघांनी प्रॉक्टर शोधण्याचे काम ऑगस्टमध्येच हाती घ्यावे, कारण ऑक्टोबरमध्ये सत्र परीक्षा आणि दिवाळी यांच्या धामधुमीत चोवीस तास देऊ शकणारा शिक्षक मिळणे कठीण असते.